गांडुळापुढे वाजविलेला पियानो

(शेतकरी वाचक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काही दिवसांपूर्वी एका शिवारफेरीत डाळिंबाच्या बागेत उभे असताना तेथील बागायतदारांनी मला विचारले, "मॅडम, झाडांना गाणी ऐकवली की उतारा वाढतो म्हणतात. बागेत कर्णे बसवावेत असा विचार आहे. तुमचं मत काय?" मी लगेच सांगून टाकले, "त्यात काही तथ्य नाही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तथ्य नाही, हे कशावरून?"

मला उत्तर देता आले नाही. मी कृषिविद्या शिकवते. खताच्या मात्रा, पेरणीचे अंतर, पाण्याच्या पाळ्या मी तोंडपाठ सांगू शकते. परंतु 'कशावरून' या साध्या प्रश्नापुढे मी अडले. त्यांचे म्हणणे खरे नव्हे असे मला वाटत होते, पण ते कसे तपासायचे याचा मी कधी विचारच केला नव्हता. एकाने सांगितले 'उतारा वाढतो', दुसरीने सांगितले 'वाढत नाही'. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही नुसती सांगोवांगीच.

या प्रश्नाचे उत्तर पुढे मला एका पुस्तकात सापडू लागले. ते पाठ्यपुस्तक नव्हते, की शिफारशींची पुस्तिकाही नव्हती. कोणत्याही वाचकाने आरामात बसून वाचावे असे ते पुस्तक आहे. सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या अशा रंजक विज्ञानपुस्तकांविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. ही पुस्तके वेळ घालविण्यापुरती नाहीत. ती शेतकऱ्याच्या फार उपयोगाची आहेत. मात्र त्यांतली काही फसवीही असतात. चांगले पुस्तक कोणते आणि फसवे कोणते, हे ओळखता आले पाहिजे.

बहात्तर वर्षांचा म्हातारा आणि गांडुळांच्या कुंड्या

ते पुस्तक चार्ल्स डार्विन यांचे आहे. उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे डार्विन यांचे नाव आपण ऐकलेले असते. परंतु त्यांचे शेवटचे पुस्तक गांडुळांवर आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. ते ऑक्टोबर १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा डार्विन ७२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८२ मध्ये, त्यांचे निधन झाले. गांडुळे माती कशी तयार करतात, एवढाच या पुस्तकाचा विषय. असले पुस्तक कोण विकत घेणार, असे कोणालाही वाटेल. पण लोकांच्या त्यावर उड्या पडल्या आणि थोड्याच काळात त्याच्या हजारो प्रती खपल्या.

लोकांना त्यात एवढे काय आवडले असेल? थोडे आपणच पाहू.

डार्विन इंग्लंडमधील केंट परगण्यात, लंडनजवळच्या एका खेड्यात राहत. मातीने भरलेल्या कुंड्यांत गांडुळे सोडून त्यांनी त्या कुंड्या आपल्या अभ्यासिकेत ठेवल्या. रात्री गांडुळे बिळातून डोके काढीत, तेव्हा ते दिव्याच्या उजेडात त्यांचे निरीक्षण करीत. पहिला प्रश्न असा की, गांडुळाला ऐकू येते का? त्यांनी जवळ नेऊन धातूची शिटी वाजविली. गांडुळे ढिम्म. मुलाने बासून हे मोठे फुंकवाद्य खच्चून वाजविले, तरी गांडुळे ढिम्म. श्वासाचा झोत अंगावर जाणार नाही एवढी काळजी घेऊन त्यांनी आरडाओरडाही करून पाहिला. शेजारच्या टेबलावर कुंड्या ठेवून पियानो जोरजोराने वाजविला. गांडुळे तरीही स्वस्थ होती.

दुसरा कोणी येथे थांबला असता आणि 'गांडूळ बहिरे आहे' असे लिहून मोकळा झाला असता. डार्विन यांनी मात्र त्याच कुंड्या उचलून पियानोच्या अंगावर ठेवल्या आणि एकच स्वर वाजविला. गांडुळे त्याच क्षणी बिळात शिरली! आवाज तोच, वाद्य तेच. फरक इतकाच की, आधी आवाज हवेतून येत होता आणि आता पियानोची थरथर लाकडातून कुंडीत, कुंडीतून मातीत आणि मातीतून गांडुळाच्या अंगाला पोहोचत होती. म्हणजे गांडुळाला ऐकू येत नाही, पण हादरा मात्र तत्काळ जाणवतो.

हे वाचून मला हसू आले, आणि थोडी लाजही वाटली. वर्गात मी गांडुळाचे फायदे फळ्यावर क्रमांक घालून लिहिते आणि विद्यार्थी ते उतरवून घेतात. गांडुळाला ऐकू येते का, हे मला एकाही विद्यार्थ्याने कधी विचारले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

कागदाचे ३०३ त्रिकोण

गांडुळे झाडाची गळालेली पाने ओढून बिळाचे तोंड बुजवितात. डार्विन यांना प्रश्न पडला की, पान कुठूनही धरून ओढले जाते, की सोयीची बाजू पाहून? त्यांनी बिळांतून २२७ वाळलेली पाने बाहेर काढून मोजली. त्यांपैकी १८१ पाने टोकाकडून ओढलेली होती. देठाकडून ओढलेली फक्त २० होती आणि मधूनच धरलेली २६. टोक निमुळते असल्याने तिकडून पान बिळात सहज शिरते, हे उघड आहे.

पण कदाचित टोकाची चव गांडुळाला आवडत असेल! ही शंका काढून टाकण्यासाठी त्यांनी कागदाचे लांबट त्रिकोण कापले. दमट हवेत ते लोळागोळा होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि ते बिळांजवळ टाकले. कागदाच्या एका टोकाला वेगळी चव असण्याचे कारण नाही. गांडुळांनी ओढलेले ३०३ त्रिकोण त्यांनी तपासले. शेकडा ६२ त्रिकोण निमुळत्या टोकाकडून, १५ मधून आणि २३ रुंद बाजूकडून ओढलेले आढळले. आधी रुंद बाजूने प्रयत्न करून, जमले नाही म्हणून नंतर टोक धरले असेल, अशीही शक्यता होती. तसे असते तर रुंद बाजू मळली असती, चुरगळली असती. म्हणून त्यांनी कागदावरचे डाग आणि चुण्याही तपासल्या. बहुतेक त्रिकोणांवर तशा खुणा नव्हत्या. यावरून त्यांनी गांडुळाला थोडीफार समज असावी असे अनुमान काढले. या अनुमानाविषयी पुढे वेगळी मतेही मांडली गेली. परंतु त्यांनी ते कसे काढले, हे प्रत्येक वाचकाला दिसते. शंका आली की तपासायचे, आणि तपासताना दुसरी शंका आली की तीही तपासायची. अशी ही साखळी आहे.

२९ वर्षांनी खणलेला चर

आता शेताकडे वळू. डार्विन यांना हा विषय त्यांच्या मामाने दाखवून दिला होता. मामाच्या शेतातील कुरणावर काही वर्षांपूर्वी चुना आणि कोळशाची राख पसरली होती. पुढे पाहिले तर ती हिरवळीखाली काही इंच खोल, एका सरळ थरात सापडली. ती तेथे कोणी पुरली नव्हती. गांडुळे खालची माती खाऊन वर विष्ठेच्या रूपाने टाकतात आणि त्या मातीखाली राख हळूहळू गाडली जाते, हा विचार डार्विन यांनी १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे मांडला.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. डिसेंबर १८४२ मध्ये त्यांनी घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरविले आणि वाट पाहिली. किती? २९ वर्षे! नोव्हेंबर १८७१ मध्ये तेथे चर खणला, तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची रेघ पृष्ठभागापासून सात इंच खोलीवर सापडली. वर्षाला पाव इंचाहून थोडे कमी, असा हा हिशेब पडतो. जवळच एक दगडगोट्यांचे रान होते. ते १८४१ साली शेवटचे नांगरले आणि मग गवताला सोडले. सुरुवातीला त्यांची मुले उतारावरून धावत, तेव्हा दगड खडखडत. तीस वर्षांनी त्या रानातून घोडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दौडला असता, तरी त्याचा नाल दगडाला लागला नसता.

त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. एवढ्याशा दुबळ्या किड्याकडून एवढे काम होणे शक्य नाही, असा आक्षेप १८६९ मध्ये एका टीकाकाराने घेतला होता. त्यावर डार्विन यांचे म्हणणे असे की, लहान गोष्ट न थकता पुन:पुन्हा घडत राहिली तर तिची बेरीज केवढी होते, हेच माणसाच्या लक्षात येत नाही. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बांधाच्या एका फटीतून दर पावसात थोडी थोडी माती वाहून जाते. एका वर्षात ते जाणवत नाही, पण नातवाच्या वेळी खाली मुरूम उघडा पडलेला असतो.

येथे एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे. एकरी दहा टनांचा आकडा आपल्या रानाला जसाच्या तसा लावू नये. तो थंड, ओलसर हवेतील, गवताखालच्या जमिनीचा आहे. आपली जमीन उन्हाळ्यात तापते आणि भेगाळते. गांडुळे तेव्हा खोल जाऊन सुप्तावस्थेत पडून राहतात. तसेच गांडूळखतासाठी आपण जे आयसेनिया फेटिडा हे गांडूळ वापरतो, ते कुजणाऱ्या पदार्थांत राहणारे आहे. शेतातील माती खोलवर खालीवर करणारी गांडुळे निराळी. खताच्या वाफ्यातील गांडुळे शेतात सोडली की जमीन भुसभुशीत होईल, अशी आशा धरणे बरोबर नाही. म्हणजे पुस्तकातून आकडा उचलायचा नसतो, आकडा काढण्याची रीत उचलायची असते.

घडीपत्रिका आणि पुस्तक

विद्यापीठ आपल्याला घडीपत्रिका देते. त्यात वाण, बियाण्याचे प्रमाण, खताची मात्रा आणि फवारणीची वेळ असते. ती आवश्यकच आहे. परंतु घडीपत्रिका उत्तर देते. त्या उत्तरापर्यंत कोण कसे पोहोचले, किती वेळा चुकले, हे सांगायला तिच्यात जागा नसते. म्हणून ती पटली तर आपण पाळतो आणि नाही पटली तर घडी करून खुंटीला लावतो. चांगले विज्ञानपुस्तक प्रश्नापासून सुरू होते. वाचता वाचता आपणही मनात उत्तर शोधू लागतो, आपला अंदाज चुकतो, मग गंमत वाटते आणि पान उलटावेसे वाटते. यालाच मी रंजकता म्हणते. विनोद किंवा चित्रे असली तर उत्तमच, पण खरी रंजकता या शोधाशोधीत आहे.

असे पुस्तक माणसाला कोठवर नेऊ शकते, याचे एक उदाहरण सांगते. लंडनमधील एका लोहाराचा मुलगा तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून कामाला लागला आणि पुढे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागला. जी पुस्तके बांधायला येत ती तो वाचून काढी. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील पुस्तक होते. ते प्रथम १८०६ साली निघाले. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्यातील संवादाच्या रूपाने ते लिहिलेले आहे. मुली प्रश्न विचारतात, शंका काढतात आणि बाई प्रयोग करून दाखवितात. उमेदवाराने ते वाचले आणि त्यातील गोष्टी स्वत: लहान लहान प्रयोग करून पडताळून पाहिल्या. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. चुंबकाच्या हालचालीने तारेत वीज निर्माण होते, हे त्याने १८३१ साली दाखविले. वीजकेंद्रातील जनित्र याच तत्त्वावर चालते. तुमच्या विहिरीवरील मोटार ज्या विजेवर फिरते, तिच्या इतिहासात एका बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेल्या पुस्तकाचाही वाटा आहे. फॅरडे यांनी मोठेपणी ते ऋण मोकळेपणाने मान्य केले. पुढे १८६० च्या नाताळात त्यांनी स्वत: मुलांसाठी एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. त्यांचे पुस्तकही आजवर वाचले जाते.

तेव्हा 'आमचे शिक्षण कमी, विज्ञानाची पुस्तके आम्हाला काय कळणार', असे कोणी म्हणू नये.

रंजक, पण फसवे

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. बागायतदारांनी विचारलेला गाण्यांचा प्रश्न आला कोठून? मी शोध घेतला, तेव्हा धागा अशाच एका अत्यंत रंजक पुस्तकापर्यंत गेला. पीटर टॉम्पकिन्स आणि ख्रिस्तोफर बर्ड या दोघांनी १९७३ साली अमेरिकेत वनस्पतींच्या गुप्त जीवनावर एक पुस्तक लिहिले. ते प्रचंड खपले. त्यात झाडांना माणसाच्या मनातले विचार कळतात, झाडांना संगीत आवडते, अशा हकिगती आहेत. अण्णामलाई विद्यापीठातील टी. सी. सिंग यांच्या संगीताच्या प्रयोगांची हकिगत त्यात आहे. रविशंकरांच्या सतारीकडे रोपे झुकली, हा डोरोथी रिटॅलक या अमेरिकन बाईंचा अनुभवही आहे. आपल्या जगदीशचंद्र बोस यांच्यावर तर एक स्वतंत्र प्रकरण आहे. बोस यांनी वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली मोजण्यासाठी अत्यंत नाजूक उपकरणे बनविली, ही सर्वमान्य गोष्ट आहे. परंतु त्यांच्या मोजमापाशेजारी ऐकीव चमत्कार मांडले, की वाचकाला दोन्ही सारखीच खरी वाटू लागतात.

त्यातील एक हकिगत पाहा. क्लीव्ह बॅक्स्टर हे खोटे पकडण्याच्या यंत्राचे तज्ज्ञ. त्यांनी १९६६ साली ते यंत्र कुंडीतील झाडाला जोडले. पान जाळण्याचा नुसता विचार मनात येताच यंत्राची सुई हलली, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी सांगितले की, शेजारी बारीक कोळंबीसारखे जीव उकळत्या पाण्यात टाकले तरी झाडाला ते कळते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हा कोळंबीचा प्रयोग अधिक झाडे घेऊन, तुलनेची सोय ठेवून पुन्हा केला आणि निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध केले. झाडांनी तशी कोणतीही प्रतिक्रिया दाखविली नाही. ही बातमी मात्र मूळ हकिगतीइतकी पसरली नाही. चमत्काराला पाय फुटतात, पडताळणी जागच्या जागी राहते. आज मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींचेही तसेच आहे.

दोन्ही पुस्तकांत वाद्ये आहेत, दोन्ही वाचताना मौज वाटते. मग फरक कोठे? डार्विन यांच्या पुस्तकात पियानो वाजला तेव्हा गांडुळांनी काहीच केले नाही, आणि त्यांनी तसेच लिहून ठेवले. अपेक्षेविरुद्ध गेलेली गोष्टही त्यांनी लपविली नाही. दुसऱ्या पुस्तकात झाड प्रत्येक वेळी आश्चर्यच दाखविते. पहिले पुस्तक 'तुम्ही करून पाहा' म्हणते, दुसरे 'तुम्ही थक्क व्हा' म्हणते.

मग झाडाला काहीच कळत नाही काय?

मी बागायतदारांना दिलेले उत्तरही घाईचेच होते, हे मला याच वाचनातून कळले. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात झालेले एक संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. ॲराबिडॉप्सिस नावाचे मोहरीच्या कुळातील लहानसे रोप असते. अळी त्याचे पान कुरतडताना पानात जी अतिसूक्ष्म थरथर निर्माण होते, ती संशोधकांनी नोंदवून घेतली. नंतर अळी नसताना तीच थरथर काही रोपांच्या पानांना दिली. काही रोपे तशीच ठेवली. पुढे प्रत्यक्ष अळ्या सोडल्या, तेव्हा ज्यांना थरथर दिली होती त्या रोपांनी किडीला नको असलेली मोहरीची तिखट द्रव्ये अधिक तयार केली. वाऱ्याच्या थरथरीने किंवा दुसऱ्या किड्याच्या आवाजाच्या थरथरीने मात्र हा परिणाम झाला नाही.

म्हणजे रोपाला थरथर जाणवते, आणि त्याला धोक्याच्या थरथरीतला फरकही करता येतो. पण त्यावरून भावगीत लावले की डाळिंब फुगते, असे सिद्ध होत नाही. पियानोवर ठेवलेल्या कुंडीची येथे आठवण होते. हवेतला आवाज वेगळा, अंगाला भिडणारा हादरा वेगळा. खरे विज्ञान बहुधा असेच असते. ते चमत्काराहून लहान आणि आपल्या 'काही तथ्य नाही' याहून मोठे असते.

सुगरणीचे घरटे कोण बांधतो?

शोध फक्त परदेशात आणि प्रयोगशाळेतच लागतात असे नाही. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरण पक्ष्याची घरटी आपण लहानपणापासून पाहतो. 'सुगरण' म्हटले की घरटे विणणारी मादीच, असे आपण धरून चालतो. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची नोकरी गेली होती, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते. १९३० च्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर ते दिवसेंदिवस बसून राहिले. घरटे नर विणतो, असे त्यांना दिसले. ते अर्धवट झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने पसंत केले की तो ते पूर्ण करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. एक डोळस माणूस आणि त्याची वही. त्यांच्या १९८५ साली निघालेल्या आत्मचरित्रात हे दिवस वाचायला मिळतात.

त्या वसाहतीसमोरून किती शेतकरी रोज गेले असतील! पाहणे सर्वांनी केले, नोंद एकाने ठेवली. आपणही रोज पाहतो. चांगली पुस्तके आपल्याला नोंद ठेवायला शिकवितात.

पुस्तक निवडताना

पुस्तक असो, मासिकातील लेख असो की मोबाइलवरील चित्रफीत, वाचताना किंवा पाहताना पुढील चार प्रश्न मनाशी विचारावेत.

१) हे कशावरून कळले, ते लेखकाने सांगितले आहे काय? की 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' एवढ्यावरच भागविले आहे?

२) तुलना कशाशी केली? उपाय केलेले आणि न केलेले, दोन्ही शेजारी शेजारी होते काय?

३) किती झाडांवर, किती वेळा पाहिले? एका झाडाचा अनुभव ही गोष्ट झाली, तो पुरावा नव्हे.

४) जे जमले नाही, ज्याची खात्री नाही, ते लिहिले आहे काय? ज्या पुस्तकात एकही 'माहीत नाही' नसते, ते जपून वाचावे.

हेच चार प्रश्न दारात येणाऱ्या औषधविक्रेत्यालाही विचारता येतात. रंगीत बाटली, शेजारच्या तालुक्यातील एका प्लॉटचे छायाचित्र आणि 'दुप्पट उतारा' हे शब्द पुढे आले की, दुसरा प्रश्न शांतपणे विचारावा: "न फवारलेल्या ओळी कोठे आहेत?" पुस्तकाची किंमत एका विचारलेल्या प्रश्नात वसूल होते.

मराठीत अशा पुस्तकांची उणीव नाही. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ साली पुण्यात सुरू झाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर यांचे २०२५ साली निधन झाले. जगभर मान्यता पावलेल्या या शास्त्रज्ञाने मराठीत, आपल्यासाठी, आयुष्यभर लिहिले. मारुती चितमपल्ली यांची जंगल आणि पक्षी यांवरील पुस्तके वाचली की, बांधावरचे झाड वेगळे दिसू लागते. गावच्या वाचनालयात कथा-कादंबऱ्यांबरोबर दरवर्षी विज्ञानाची दहा पुस्तके घ्यावीत, असा आग्रह सभासदांनी धरावा. एकाने वाचावे आणि चौघांनी ऐकावे, अशी रीत पारावर सुरू केली तर आणखी उत्तम. आपल्याला पोथी ऐकण्याची सवय आहेच.

एक घरचा प्रयोग

जाता जाता एक लहान प्रयोग सांगते. तो येत्या पावसाळ्यात, जमीन चांगली ओली झाल्यावर, मुलांना बरोबर घेऊन करावा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल असे खड्डे सकाळच्या वेळी घ्यावेत. पाच बांधावरच्या गवतात, पाच नेहमी नांगरटीच्या रानात आणि पाच जेथे पालापाचोळा किंवा पाचट पसरले आहे तेथे. निघालेली माती गोणपाटावर घेऊन गांडुळे मोजावीत. वहीत तारीख, जागा आणि संख्या लिहावी. मोजून झाल्यावर गांडुळे परत मातीत सोडावीत. हेच तीन वर्षे करावे. पाचटाचा उपयोग होतो की नाही, हे मग मला विचारावे लागणार नाही. कदाचित मीच तुमची वही पाहायला येईन.

सुरुवातीला सांगितलेल्या बागायतदारांकडे मी पुन्हा गेले. डार्विन यांचा पियानो, कॉर्नेलची झाडे आणि मिसुरीची अळी, सर्व त्यांना सांगितले. मग म्हणाले, "तुम्हाला करूनच पाहायचे असेल तर बागेचे सारखे आठ भाग करा. चारांत गाणी लावा, चारांत नको, आणि कोठे लावायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पण एक अडचण आहे. गाणी लावायला तुम्ही रोज त्या चार भागांत जाणार. तेथे कीड आधी दिसेल, ठिबकची बंद पडलेली तोटी आधी लक्षात येईल. उतारा वाढला तर तो गाण्याने की तुमच्या फेरीने, हे कसे ओळखणार? म्हणून आठही भागांत सारखेच फिरा."

ते थोडा वेळ विचार करीत राहिले आणि हसून म्हणाले, "मग मॅडम, आधी कर्णे न घेता नुसता मीच रोज फिरून बघतो की!"

ज्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नव्हते, त्याला त्यांनीच स्वत:च्या बागेत उत्तर शोधायला सुरुवात केली. मला पुस्तकांकडून एवढेच हवे आहे. आपणही या वर्षी असे एक पुस्तक वाचावे, घरातल्या मुलांना वाचून दाखवावे आणि त्यातली एक तरी गोष्ट आपल्या शेतात करून पाहावी, ही विनंती करून मी आपली रजा घेते.